नीटनंतर वैद्यकीय पदवीची आणि जोडपदवीची वाट कशी निवडावी

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत पहिला प्रश्न असतो तो ‘एवढ्या गुणांवर काय मिळेल?’ हा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो आधी विचारला तर पदवी गुणपत्रिका ठरवते आणि विद्यार्थी नुसती सही करतो. म्हणून आधी काम ठरवावे, मग पदवी आणि सर्वांत शेवटी महाविद्यालय.

काम ठरवणे म्हणजे वयाच्या पस्तिशीत आपण दिवसभर काय करत असू, हे स्पष्ट शब्दांत लिहून काढणे. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा आधुनिक शल्यचिकित्सक व्हायचे असेल तर एमबीबीएसला पर्याय नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि नर्सिंग हे स्वतंत्र व्यवसाय आहेत. त्यांना एमबीबीएस हुकल्याचे सांत्वन समजणे हा त्या व्यवसायावर आणि विद्यार्थ्यावर, दोघांवरही अन्याय आहे. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत आणि आयुर्वेदाची खरी आवड असलेल्याने तेथे अवश्य जावे. ‘बीएएमएस करू आणि पुढे ॲलोपॅथीचीच प्रॅक्टिस करू’ असा हिशेब मात्र करू नये. होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधे लिहिण्याची मुभा देणाऱ्या राज्याच्या 2014 च्या कायदादुरुस्तीवरून न्यायालयापर्यंत वाद गेला. अशा सवलतीच्या भरवशावर आयुष्याची पदवी निवडणे धोक्याचे आहे.

त्यानंतर वर्षांची बेरीज कागदावर करावी. एमबीबीएसचे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप, शासकीय महाविद्यालयात शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित (सक्तीची शासकीय) सेवा, एमडी किंवा एमएस या पदव्युत्तर पदवीची तीन वर्षे आणि अतिविशेष शाखा हवी असेल तर डीएम किंवा एमसीएचची आणखी तीन वर्षे. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी, एकही वर्ष वाया न जाता, साडेतीस वर्षांचा होतो. त्यात नीट रिपीट केल्याचे एक आणि पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीचे एक वर्ष मिळवले की बत्तिशी उलटते. घरची शेती, धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न या गोष्टी याच कागदावर यायला हव्यात; त्या नंतर आठवल्या तर भांडणे होतात.

खरी गुंतागुंत अर्जात आहे. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची एमसीसी (वैद्यकीय समुपदेशन समिती) भरते आणि उरलेल्या 85 टक्के राज्याचा सीईटी कक्ष भरतो. मराठवाड्यात वर्षानुवर्षे सलणारी 70:30 ची प्रादेशिक अट (70 टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना, 30 टक्के राज्यभरातील) सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाली. त्यामुळे येथील विद्यार्थ्याने यादी अंबाजोगाई किंवा नांदेडच्या विष्णुपुरीवर थांबवू नये, मुंबई-पुण्याची महाविद्यालयेही निःसंकोच लिहावीत. एक बारकावा अनेक पालकांच्या लक्षात येत नाही: संभाजीनगरचे एमजीएम हे अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचे महाविद्यालय असल्याने त्याचे प्रवेश एमसीसीकडून होतात, तर लातूरचे खासगी एमआयएमएसआर महाविद्यालय राज्याच्या फेरीत येते. दोन्ही हवी असतील तर दोन्हीकडे नोंदणी करावी लागते.

पसंतीक्रम भरताना ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलू नये. जागावाटप करताना तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर यादी वरून खाली तपासली जाते. वरची जागा न मिळाल्याने खालची हातची जात नाही. उलट, न आवडणारे महाविद्यालय वर लिहिले तर तेच गळ्यात पडते. ‘स्टेटस रिटेन्शन’चा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा अर्ज भरला की पुढच्या फेरीत वर सरकण्याचा मार्ग बंद होतो, म्हणून त्यावर नेट कॅफेत घाईने सही करू नये. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या वर्षीच हाताशी ठेवावे. खासगी महाविद्यालयाचे शुल्कपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे: शिक्षण शुल्क वर ठळक असते, पण वसतिगृह, मेस आणि अनामत रक्कम यांची बेरीज आपल्यालाच करावी लागते.

परदेशी एमबीबीएसचा विचार असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम आधी वाचावेत. किमान 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर 300 पैकी 150 गुणांची पात्रता परीक्षा, यांपैकी काहीही एजंटाच्या शब्दाने माफ होत नाही.

आता जोडपदवी, म्हणजे वैद्यकीय पदवीला जोडून घेतलेली दुसरी पदवी. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर वैद्यकीय प्रवेश मिळतो (तेथे एमडी ही आपल्या एमबीबीएससारखी मूळ वैद्यकीय पदवी) आणि तेथे एमडी-पीएचडी हा साधारण सात-आठ वर्षांचा, तर एमडी-एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) किंवा एमडी-एमबीए सहसा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे ही जोड बहुधा एमबीबीएसनंतरच घालावी लागते, आणि माझ्या मते तेच बरे, कारण वॉर्डात काम केल्याशिवाय दुसरी पदवी कशासाठी हवी हे कळत नाही. तालुक्याच्या आरोग्यव्यवस्थेत रस वाटला तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. उपकरणे आणि तंत्रज्ञानाची ओढ असल्यास आयआयटी खरगपूरचा एमबीबीएस पदवीधरांसाठी तीन वर्षांचा वैद्यकीय विज्ञान-तंत्रज्ञान अभ्यासक्रम आहे. रुग्णालय चालवायचे असल्यास रुग्णालय प्रशासनाची पदवी उपयोगी पडते. नावापुढे अक्षरे वाढवण्यासाठी दूरस्थ एमबीए करणे मात्र टाळावे.

संशोधनाची ओढ खरी आहे की नाही, हे पीएचडीला नाव घालण्यापूर्वी स्वस्तात तपासता येते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या (दंतवैद्यक) विद्यार्थ्यांना पदवी शिकत असतानाच दोन महिन्यांचे संशोधन करू देते. त्यासाठी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून तयार करावे लागते आणि प्रस्ताव ऑनलाइन पाठवावा लागतो. तेव्हा दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जाऊन, कोणते काम चालू आहे, एवढे विचारून यावे.