रत्नागिरीचा आकडा उडवू नका (बीएवाल्या नवीन पोरांसाठी)

टीवायला आमच्या कॉलेजात वेगवेगळ्या शाखांची पोरं एकाच प्रोजेक्टला टाकली होती. मी बीए इकॉनॉमिक्स, एक बीएस्सी स्टॅट्सवाला, एक मायक्रोबायोलॉजीची आणि एक बीकॉमचा. २०११ च्या जनगणनेतून महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचं स्त्री-पुरुष प्रमाण बघायचं होतं. मी मनात ठरवलेलं की आकडे स्टॅट्सवाला बघेल, आपण पीपीटी करू, कारण दहावीनंतर गणिताचं तोंड बघितलं नव्हतं.

राज्याचं प्रमाण ९२९, म्हणजे हजार पुरुषांमागे ९२९ बायका. आणि रत्नागिरीचं ११२२! स्टॅट्सवाला म्हणे हा आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा पडलेला आकडा, उडवूया. मी म्हटलं थांब रे बाबा, माझं आजोळ संगमेश्वरकडे, तिकडे घरटी एकतरी बाप्या मुंबईला असतो, चाकरमानी म्हणतात ते काय उगाच? मग मुंबई शहराचा आकडा काढला तर ८३२. आता मुंबईत काही फक्त कोकणातलेच येत नाहीत, पण गोष्ट कळली. बीडला ० ते ६ वयातलं प्रमाण ८०७ होतं, तिथे मात्र हे कारण चालत नाही, दोन वर्षांचं पोरगं काय नोकरीला जातंय? तिथे गर्भलिंगनिदानाबद्दलच बोलावं लागतं.

लगेच कॉलर ताठ करू नका, माझी पण शोभा झालीच. मी एक्सेलमध्ये सगळ्या जिल्ह्यांच्या प्रमाणाची सरळ सरासरी काढली आणि ती काही केल्या ९२९ येईना. स्टॅट्सवाला हसला, म्हणाला सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं आणि ठाण्यात १ कोटी १० लाख, दोघांना सारखं वजन कसं देतोस? त्याआधी अर्धा तास मी यादीत पालघर शोधत होतो, तो जिल्हा झालाच २०१४ ला 🤦

बीकॉमवाला पिव्होट टेबल (एक्सेलमधला आकड्यांचा गटवार गोषवारा) दोन मिनिटांत लावायचा, पण ग्राफचा उभा अक्ष ८०० पासून सुरू केला आणि थोडासा फरक डोंगराएवढा दिसायला लागला. मायक्रोवालीला एक्सेलचा भरवसाच नव्हता, कारण मार्च१ नावाच्या जीनची, म्हणजे जनुकाची, तो तारीख करून टाकतो. असल्या जीन्सची नावंच शेवटी बदलली, २०२० मध्ये त्याचे नियम आले, एक्सेलपुढे शास्त्रज्ञांनी हात टेकले म्हणायचे.

तर एफवायला असाल तर पायथनच्या (प्रोग्रॅमिंगच्या) कोर्सला पैसे भरायच्या आधी जनगणनेच्या साइटवरून आपल्या जिल्ह्याची फाइल उतरवा, ती फुकट आहे. आकडा कुठल्या वर्षाचा, कोणाला मोजलंय, छेदात काय आहे, हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि मगच एक्सेल उघडा. जिल्हा स्वतःचाच घ्या, आकडा विचित्र आला तर घरी आजीला विचारता येतं. मी विचारलेलं. ती म्हणाली, "गणपतीत मोजा म्हणावं, तेव्हा सगळे घरी असतात."