परदेशी निघताय? फोनचं घरूनच उरकून घ्या

मेतकूट, चिवडा, गोळ्यांची पाकिटं यांची यादी महिनाभर आधी होते. फोनची आठवण मात्र साताऱ्याहून निघालेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्यावर येते. तिथून मुंबईच्या विमानतळापर्यंत घाईघाईत एक रिचार्ज तेवढा होतो, आणि तो बहुधा गरजेपेक्षा महागाचा असतो. फोनच्या कामाला पंधरा दिवस आधी हात घालावा, कारण त्यातलं एक काम चोवीस तास अडवून ठेवतं. ते पुढे येईलच.

सुरुवात हातातल्या फोनपासून करा. डायल पॅडवर *#०६# दाबलं की आयएमईआय नंबर येतात. त्यांच्यासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला, तर फोन ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम) घेतो. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. अँड्रॉइडमध्ये फोनच्या किमतीवरून अंदाज बांधू नका, महागड्या फोनातही ही सोय नसू शकते. ई-सिम नसेल तर सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. पुष्कळ फोनमध्ये दुसरी जागा एकतर सिमची, नाहीतर मेमरी कार्डची असते. परदेशी सिम घालायचं तर कार्ड निघणार, आणि त्यावरचे फोटोही. ते आधी उतरवून ठेवा.

आजी-आजोबांचा बटणांचा फोन न्यायचा असेल तर आधी विचार करा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्ये बंद केलं, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात ते २०२४ मध्ये गेलं. तिथं साधं बोलणंही आता व्होएलटीईवरून, म्हणजे ४जी नेटवर्कवरून चालतं. जुना २जी-३जी फोन तिथं घड्याळ म्हणून वापरता येईल, एवढंच. एकाच कंपनीचं सिम घेणारे स्वस्त फोनही परदेशी सिम घेत नाहीत.

फोन कळला की पर्याय निवडायचा, आणि तो मुख्यतः दिवसांवर ठरतो. आठ-दहा दिवसांची टूर असेल, बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील, तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा. दर प्रति जीबी महाग पडतो, पण सिम बदलायची कटकट नाही आणि घरच्यांना नेहमीचाच नंबर लावता येतो. दोन-तीन आठवडे, दोन-तीन देश आणि फोनला ई-सिम असेल, तर प्रवासाचं डेटा ई-सिम बरं. महिन्याच्या वर मुक्काम असेल, मुलाकडे किंवा शिक्षणाला जाणं असेल, तर तिथलं सिम. बाळंतपणासाठी पाच-सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आईसाठी रोमिंग पॅकमागून पॅक मारत बसणं म्हणजे पैशांचा चुराडा आहे. मुलीच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवता येते का, ते पहिल्यांदा विचारा.

रोमिंग पॅक घ्यायचा ठरला तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत दुकानात जाऊन नुसतं ‘इंटरनॅशनलचा पॅक मारा’ म्हणू नका. देशांच्या यादीत आपले सगळे देश आहेत का? दिवस कधीपासून मोजतात, रिचार्ज केल्यापासून की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? येणारे कॉल पॅकमध्ये धरलेत की वेगळे? डेटा संपला की वेग कमी होतो की पैसे लागायला सुरुवात होते? लंडनला जाताना दुबईत तीन तासांचा थांबा असतो. तिथं फोन चालू केला की काही पॅकचा पहिला दिवस दुबईतच सुरू होतो. म्हणून मुक्कामाचं ठिकाण येईपर्यंत एअरप्लेन मोड काढू नका. विमानाचं आणि क्रूझचं स्वतःचं नेटवर्क असतं, ते साध्या पॅकमध्ये बहुधा धरलेलं नसतं.

युरोपच्या टूरवाल्यांनी स्वित्झर्लंडकडे नीट लक्ष द्यावं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं, म्हणजे पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्येही चालतं. ही सोय नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनलाही लागू आहे. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मात्र त्यात येत नाहीत. कुठल्याही युरोप टूरमध्ये युंगफ्राऊचा बर्फ असतोच, आणि नेमके तिथून घरी व्हिडिओ कॉल होतात. त्यामुळे सिम किंवा ई-सिम घेताना नुसतं ‘युरोप’ हे नाव न बघता खालची यादी उघडून ‘स्वित्झर्लंड’ वाचा.

इंटरनेट हॉटेलच्या वायफायवरही मिळेल. ओटीपी मात्र भारतातल्या नंबरवरच येणार, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. परदेशी सिम घातलं आणि आपलं सिम पाकिटात ठेवलं, की कार्डाचं पेमेंट अडलं. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, त्याचा डेटा बंद ठेवा आणि कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंगची सेवा निघण्याआधी चालू करून घ्या. प्रीपेडवर काही ठिकाणी त्यासाठी लहानसं रिचार्ज लागतं. रोमिंगमध्ये एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, पाठवायला पडतात. आता ते चोवीस तासांचं. सिम बदललं किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं, की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरवरचे येणारे-जाणारे एसएमएस एक दिवस बंद ठेवतात. बँकेचं ॲप आणि यूपीआय पुन्हा नोंदवावं लागतं ते वेगळंच. सिम खराब असेल, मोठ्या आकाराचं असेल, तर बदलायचं काम आठवडाभर आधी उरका, निघायच्या आदल्या दिवशी नको.

प्रीपेडची मुदतही बघा. नव्वद दिवस सिम वापरलंच नाही तर नंबर बंद होऊ शकतो. सहा महिने बाहेर राहणाऱ्यांनी पुरेशा मुदतीचं रिचार्ज करून जावं, नाहीतर साताऱ्यातल्या कुणाकडे तरी तारीख लिहून द्यावी. कार्डावर परदेशी व्यवहारही बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात. २०२० पासून नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरतं चालू करून देतात.

ई-सिम घेणाऱ्यांनी ते घरच्या वायफायवर आधीच बसवावं. बसवायला इंटरनेट लागतं, आणि परदेशात उतरल्यावर नेमकं तेच नसतं. क्यूआर कोड ज्या फोनवर आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो कसा टिपणार? दुसऱ्या फोनवर उघडा किंवा झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा. बसवल्यावर चुकूनही ‘डिलीट’ दाबू नका, कारण बहुतेक क्यूआर एकदाच चालतात. या सिमला ‘प्रवास’ असं नाव द्या, सेटिंगमध्ये गोंधळ होत नाही. मग मोबाइल डेटा ‘प्रवास’वर आणि त्याचं डेटा रोमिंग चालू ठेवा (ते चालू केल्याशिवाय बहुतेक ई-सिम हलत नाहीत). भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, आणि आयफोनमध्ये एका सिमवरून दुसऱ्या सिमवर डेटा आपोआप उडी मारण्याची सोयही बंद. ही शेवटची गोष्ट राहिली तर बिल तिथून येऊ शकतं. बहुतेक डेटा ई-सिमना फोन नंबर नसतो, बोलणं व्हॉट्सॲपवरच होतं. नवीन सिम दिसलं की व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का विचारतं. ‘नाही’ म्हणा, जुनाच नंबर चालू राहतो.

डेटा वाचवायचा तर व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. गल्लीच्या ग्रुपवरचे शुभ सकाळचे व्हिडिओच अर्धा पॅक खातात. ज्या शहरात जायचं तिथला नकाशा घरीच उतरवून घ्या.

देशांच्या खोडीही माहीत हव्यात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री इथं काळजी सुरू होते. चीनमध्ये तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. सौदीत सिम घेताना पासपोर्टबरोबर बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे उमराला एकाने सगळ्यांची सिमं घ्यायची म्हटलं तर जमत नाही.

फोनबुकातले नंबर +९१ लावून ठेवा. साताऱ्याचा ०२१६२ आणि सांगलीचा ०२३३ तिकडून तसाच लागत नाही. पुढचं शून्य काढायचं, म्हणजे +९१ २१६२ आणि मग घरचा नंबर. कॉल फॉरवर्ड लावलेलं असेल तर निघण्याआधी ##००२# डायल करून काढा, नाहीतर न उचललेला कॉलही परदेशातून परत भारतात वळतो आणि त्याचे पैसे लागतात.

पॉवर बँक केबिनच्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) अडचण नाही, म्हणजे २०,००० एमएएचची बिनधास्त न्या. छापील आकडा पुसला गेला असेल तर मात्र सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात. सिम काढायची पिन पासपोर्टच्या पाकिटात चिकटवून ठेवा.

उतरल्यावर एअरप्लेन मोड काढा आणि पाच मिनिटं थांबा. नेटवर्क आलं नाही तर फोन एकदा बंद-चालू करा. तरीही आलं नाही तर सेटिंगमधली आपोआप नेटवर्क निवड बंद करून यादीतलं भागीदार कंपनीचं (आपल्या सिमच्या कंपनीशी करार असलेल्या तिथल्या कंपनीचं) नाव हाताने निवडा. सिग्नल आहे पण नेट नाही, असं झालं तर एपीएन (इंटरनेट जोडण्यासाठी सेटिंगमध्ये भरायचं नाव) तपासा. तो ई-सिमच्या ई-मेलमध्ये लिहिलेला असतो, म्हणून त्या मेलचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.