सुट्टीत वाचायची, बायकांची, मन हलकं करणारी कादंबरी लिहायचीय? आधी शेवटची तारीख ठरवा

बहिणी आहेत, मैत्रिणी आहेत, एखादी खडूस आजी आहे, पाय पसरून वाचावी आणि मिटल्यावर बरं वाटावं, अशी कादंबरी लिहायला काय लागतं असं मला पण वाटायचं. पहिला ड्राफ्ट धडाधड लिहून काढला आणि त्यात कोणालाच काही होत नव्हतं, सगळ्याजणी एकमेकींशी गोड बोलतायत, वारा सुटलाय, परत गोड बोलतायत. मैत्रिणीला वाचायला दिला तर म्हणाली, "छान आहे गं, पण मला मधेच झोप लागली." तर त्या झोपेतून जे शिकले ते सांगते.

पहिलं काम म्हणजे तारीख. उन्हाळ्याच्या गोष्टीत मजा असते कारण उन्हाळा संपतो. सहा आठवड्यांनी घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्यात, किंवा मावशी महिनाभरच राहणारे, असं काहीतरी पहिल्या चॅप्टरमधेच येऊ दे. एलिझाबेथ फॉन आर्निमची 'द एनचांटेड एप्रिल' 1922 ची आहे आणि तिचा डोलारा एवढ्यावरच उभा आहे, एकमेकींना फारशा न ओळखणाऱ्या चार बायका इटलीतला एक जुना किल्ला एका महिन्यासाठी भाड्याने घेतात. तो एक महिनाच पुस्तक ओढत नेतो, कारण परत जायचं हे वाचणाऱ्याच्या डोक्यात सतत असतं.

आणि हो, उन्हाळा कुठला ते बघून घ्या. भारतात मार्च ते मे, युरोपात जून ते ऑगस्ट, ऑस्ट्रेलियात डिसेंबर ते फेब्रुवारी. उत्तर युरोपात जूनमधे रात्री दहालासुद्धा उजेड असतो त्यामुळे तिथे संध्याकाळचा सीन लांबवता येतो, विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जेमतेम बारा तासांचा, तिथे तुमच्या बायका अंगणात बसून रात्री नऊला मावळता सूर्य बघायला लागल्या की वाचणारी पुस्तक मिटते.

आता मुख्य गोष्ट. उभारी देणारी गोष्ट म्हणजे दुःख नसलेली गोष्ट नाही हो. मी तीच चूक केली होती. दुःख पाहिजे, पण ते एकदाच, हळू आवाजात सांगायचं आणि मग माणसांना जगू द्यायचं. टोवे यान्सनची 'द समर बुक' (1972) बघा, फिनलंडच्या आखातातलं एक छोटं बेट, आजी आणि नात. नातीची आई वारलीय हे सुरुवातीलाच एका वाक्यात येतं आणि मग त्यावर रडारड नाही, आजी आणि नात भांडतात, भटकतात, काहीबाही बनवत बसतात, आणि तरी ते वाक्य पानापानाखाली असतंच. हे जमणं अवघड आहे, मला अजून धड जमत नाही, पण दिशा हीच.

बहिणींच्या भांडणाचा माझा जुना सीन असा होता: "ताई, तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस," असं धाकटी रडत म्हणते, ताई माफी मागते, दोघी मिठी मारतात. झालं, चार ओळीत वीस वर्षांचा हिशेब मिटला, कोणाला खरं वाटणार? नंतर असा केला. दोघी आईचं कपाट रिकामं करतायत. तळाशी शिवणाची कात्री निघते, ताई बघतसुद्धा नाही, सरळ 'देऊन टाकायच्या' खोक्यात टाकते. धाकटी काढून 'ठेवायच्या' ढिगात ठेवते. थोड्या वेळाने कात्री परत खोक्यात. धाकटी परत काढते आणि विचारते, "बोथट झालीय म्हणून टाकतेयस का?" ताई साडीची घडी घालता घालता म्हणते, "आईने माझे केस हिनेच कापले होते. त्या वर्षी. तू नव्हतीस तेव्हा, तू हॉस्टेलला होतीस." बस. त्या वर्षी काय झालं ते लगेच नका सांगू, दहा-पंधरा पानं जाऊ द्या. यातली ट्रिक एवढीच की दोघींच्या हातात काम आहे. बायका समोरासमोर बसून मनातलं बोलतात त्यापेक्षा काहीतरी आवरताना, एकमेकींकडे न बघता जास्त बोलतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या सीनला आधी काम शोधा आणि संवाद नंतर लिहा.

मैत्रीण आणि बहीण या दोघींची भांडणं सारखी लिहू नका, हे मला फार उशिरा कळलं. बहिणी आवाज चढवतात, लहानपणीचं उकरतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात असतात कारण जाणार कुठे. मैत्रीण मात्र खरंच जाऊ शकते. त्यामुळे तिथे भांडण दिसत नाही, फोन उचलणं कमी होतं, मेसेजला नुसता अंगठा येतो, वाढदिवसाची शुभेच्छा रात्री साडेअकराला येते. ती साडेअकराची शुभेच्छा दाखवा, पानभर भांडणापेक्षा जास्त लागते.

पुरुषांचं थोडक्यात: त्यांना राक्षस करू नका, प्रेमकहाणी हवी तर ठेवा, पण शेवटची गाठ त्याने सोडवायची नाही.

लांबी किती हा प्रश्न सगळ्याच विचारतात. इंग्रजीत अशा कादंबऱ्या साधारण 80 ते 90 हजार शब्दांच्या असतात, मिनिटाला 200-250 शब्दांच्या स्पीडने 90 हजार म्हणजे सहा ते साडेसात तास, म्हणजे सुट्टीतले दोन दिवस. चॅप्टर सव्वादोन हजार शब्दांचे धरले तर चाळीस होतात, आणि तुमचा उन्हाळा सहा आठवड्यांचा असेल तर आठवड्याला सहा-सात. हे गणित कागदावर मांडा आणि भिंतीला चिकटवा, मधला भाग ढेपाळतो तो इथेच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही घडतच नसतं. कोणीतरी न बोलावता टपकलं पाहिजे तिथे. माझ्याकडे आजीची जुनी मैत्रीण टपकली, जिच्याशी ती तीस वर्षं बोलत नव्हती, आणि सगळा विनोद तिनेच आणला.

तीन-चारजणींच्या तोंडून गोष्ट सांगत असाल तर चॅप्टरवरचं नाव हाताने झाका आणि एक पान वाचा, कोण बोलतेय ते कळलं नाही तर दोघींची एक करून टाका.

शेवट गोड करा पण सगळंच नका मिटवू. घर विकलं जाऊ दे. माझ्या शेवटच्या चॅप्टरमधे ताई तिच्या घरी परत गेलेली असते, आणि काही दिवसांनी धाकटीकडे एक पार्सल येतं, आत चिठ्ठी वगैरे काही नाही, नुसती कात्री, धार लावून आणलेली.