शरदातले बैठे खेळ आणि हस्तकला: ज्येष्ठांच्या गटात या चुका टाळा

घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमचं विरंगुळा केंद्र वर्षात सगळ्यात जास्त गजबजतं. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, भोंडला, कोजागिरी, दिवाळीची तयारी, सगळं एकामागोमाग येतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके देत असतं, म्हणून बेत हॉलमध्येच. एखादा बेत फसला की पटकन म्हटलं जातं, 'वय झालं, आता जमायचं नाही.' मला हे मान्य नाही. इतकी वर्षं गट चालवताना दिसलं ते असं, की चूक बहुतेक वेळा सामानात, मांडणीत किंवा आपल्या बोलण्यात असते आणि ती सुधारता येते.

टाकून द्यायच्या वस्तू करून घेणं

पहिल्या वर्षी मी कागदी थाळ्या आणि टिकल्या आणल्या होत्या. सगळ्यांनी मन राखण्यापुरतं चिकटवलं. निघताना एका काकांनी थाळी हातात धरून विचारलं, "आता याचं करायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, घरं उभी केली, त्यांना बालवाडीचं काम द्यायचं आणि वर 'वा, छान हं आज्जी!' म्हणायचं, हा अपमान आहे. तो त्यांना कळतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

पुढच्या वर्षी वाती घेतल्या. त्रिपुरी पौर्णिमेला ७५० वातींची त्रिपुरवात लावतात, ती गटाने करून गावातल्या देवळात द्यायची ठरली. पन्नास-पन्नासच्या पंधरा जुड्या. कुणी कापूस पिंजला, कुणी वळला, कुणी मोजून दोऱ्याने बांधला. त्या पंधरा दिवसांत एकही खुर्ची रिकामी राहिली नाही.

वातींमध्ये अडचणी येतात त्या अशा. वयाने बोटं कोरडी पडतात आणि कापूस नुसता घसरतो. चिमूटभर भस्म किंवा दुधाचं बोट लावलं की पकड येते. तळव्यावर तळवा घासून वळताना मनगट दुखत असेल तर उपडं ताट समोर ठेवा आणि त्यावर तळहाताने वळू द्या. पंख्याखाली कापूस उडतो म्हणून पंखा बंद होतो आणि मग उकाड्याने जीव नकोसा होतो. त्यापेक्षा बैठक सकाळीच उरकावी. दमेकऱ्यांना पिंजायला बसवू नका, त्यांच्याकडे मोजणं आणि बांधणं द्या.

पणत्या आणल्या आणि लगेच रंगवायला दिल्या

कोरी पणती रंग पिते आणि नंतर तेलही पिते. चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन दिवस पूर्ण वाळू द्या. ओलसर राहिली तर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि करणाऱ्याला वाटतं आपलाच हात बिघडला. आधी पांढऱ्या रंगाचा हात द्या, म्हणजे वरचा रंग उठून दिसतो. आतली बाजू आणि वातीची चोच कोरीच ठेवायची.

बारीक ब्रश संधिवाताच्या बोटांत राहत नाही. दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून रबर लावा, अंगठ्याएवढा जाड झाला की हात स्थिरावतो. रंगांचंही बघा. उतारवयात डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, निळा आणि जांभळा शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत. पांढऱ्यावर लाल, पिवळ्यावर गडद हिरवा असे ठसठशीत जोड द्या. आणि टेबल खिडकीजवळ हलवा. आधी उजेड बघावा, चष्म्याचा नंबर नंतर.

तंबोल्यात आकडा एकदाच पुकारणं

हा खेळ सगळ्यांना आवडतो आणि सगळ्यात जास्त रुसवेफुगवेही यातच होतात. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ ही व्यंजनं निसटतात. त्यात आपले मराठी आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी मागे बसलेल्या आजींना सारखेच ऐकू येतात. 'सत्तावन्न' आणि 'सत्त्याण्णव' यांतही गफलत होते. माईकचा आवाज वाढवून काही होत नाही, गोंगाट मात्र वाढतो.

उपाय सोपा आहे. आकडा सावकाश म्हणा, मग सुटा करून म्हणा, "एकोणसाठ, पाच-नऊ", आणि फळ्यावर वीतभर उंचीचा लिहा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! आमच्या हॉलमध्ये मात्र 'पन्नास नऊ' म्हटलं की एकाचंही घर चुकत नाही. तिकिटंही मोठी छापून घ्या आणि खुणेला पेनाऐवजी चिंचोके द्या.

'आठवतंय का?' असं विचारणं

भोंडल्याच्या दिवशी हा प्रश्न हमखास निघतो आणि विस्मरण असलेल्या माणसाचा चेहरा तिथेच उतरतो. ती परीक्षा होते. आमच्याकडे एक आजी सुनेचं नावही विसरायच्या. त्यांना काही न विचारता आम्ही शेजारी बसून पहिली ओळ सुरू केली. दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले, तिसरीला टाळी लागली आणि चौथी ओळ आम्ही चुकलो ती त्यांनी दुरुस्त केली. लहानपणी घोकलेली गाणी खोलवर टिकून असतात, त्यांना वाट तेवढी द्यावी लागते.

फेर उभ्याने धरू नका, भोवळ येते. मध्ये पाटावर हत्ती, भोवती हातांच्या खुर्च्या, आणि फिरायचं काम खिरापतीच्या डब्याला द्या. डबा हातोहात फिरवावा, हलवून, वास घेऊन ओळखावा. मधुमेही असतातच, तेव्हा भडंग किंवा वाटली डाळही असू द्या.

पत्त्यांबद्दल थोडक्यात: हाताला कंप असेल तर बदाम सातचे पत्ते धरवत नाहीत. कपडे घासायचा नवा ब्रश उलटा ठेवा, केसांत पत्ते खोचता येतात. कोजागिरीला मध्यरात्रीपर्यंत ताटकळवायची गरज नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, साडेसातला दूध आणि सारीपाटाचा एक डाव छान होतो. सोंगट्या मात्र मोठ्या घ्या.

कंदील करणाऱ्यालाच स्टुलावर चढवणं

कामट्या बांधून, पतंगी कागद खळीने डकवून झाला की उत्साहाच्या भरात कुणीतरी आजोबा स्वतःच टांगायला निघतात. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणात अडकतो. आत साधा तापणारा दिवाही नको, एलईडी लावा. छताच्या हुकाला कप्पी आणि दोरी तरुण माणसाकडून आधीच लावून घ्या. मग ज्याने कंदील बांधला त्याच्या हाती दोरीचं टोक द्या. त्याने खुर्चीत बसून दोरी ओढली, की कंदील त्याच्या डोळ्यांसमोर वर चढतो.