खाडीचं शेवाळ टाकीत टाकण्याआधी मीठ काढा

परतीचा पाऊस आता थोड्याच दिवसांचा पाहुणा. दिवाळे, घणसोली, ऐरोली, बाळकुम भागात ज्यांनी जाळ्यात आलेलं शेवाळ गोबर गॅससाठी साठवलंय, त्यांनी ते याच पावसात धुऊन घ्यावं. पाऊस उघडला की गोडं पाणी विकतचं, मग धुवायचं राहून जातं. दर हिवाळ्यात करपलेल्या वालाची पानं दाखवायला कोणी ना कोणी येतोच. दुकानदाराने बुरशीनाशक गळ्यात मारलेलं असतं. रोग नसतोच तिथे, मीठ असतं.

टाकीत शेवाळ कुजतं, मीठ कुजत नाही. जेवढं आत गेलं तेवढं स्लरीतून, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ काल्यातून, वाफ्यात उतरतं. पानांच्या कडा तपकिरी पडतात, मग फूलगळ. गॅसलाही मीठ नडतं. टाकीत आधी अॅसेटिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात आणि त्यांचा पुढे मिथेन होतो. खारेपणाने मिथेनचे जिवाणू मंदावले की आम्ल साचतं, काला आंबतो, शेगडी पेटत नाही.

फरशीच्या उतारावर वीतभर थर पसरा. दोन-तीन जोरदार सरी खाऊ द्या, मधे एकदा उलथा. रेतीही निघून जाते, नाहीतर ती टाकीच्या तळाशी बसते. धुवण शेताकडे वळवू नका.

ओलं शेवाळ ताडपत्रीखाली ढीग करून मात्र ठेवू नका. कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ साली अशाच कुजक्या हिरव्या शेवाळाच्या वायूने घोडा मेला. सडक्या अंड्यांचा वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं समजू नका. वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. रिकाम्या टाकीतही उतरू नका.

रोजची कामं: शेवाळ बारीक चिरणे, शेणात कालवणे, गाळ काढणे, पाइपातलं पाणी सोडणे, हायड्रोजन सल्फाइड अडवायला गॅस गंजक्या लोखंडी किसातून नेणे.

दोन घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, हे शिफारशीतलं माप. शेवाळाचं माप माझ्या अंदाजाचं: सुरुवातीला दहा घमेल्यांत एक, ज्योत निळी राहिली तर महिन्याभराने दोन. थंडीत वाढवू नका. जिवाणूंची महागडी पुडी घेऊ नका, ताज्या शेणात ते फुकट असतात.

शेवाळापासून इथेनॉल होतं, हे खरं. लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीण करणारं द्रव्य, नगण्य असल्याने शेवाळ लवकर फुटतं. पण तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट हे चिकट द्रव्य साधं यीस्ट खात नाही, आणि घरी ऊर्ध्वपातन करणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. ते कारखान्यांना करू द्या.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांच्या नाल्यांच्या तोंडाशी वाढलेलं शेवाळ उचलूच नका. ते जड धातू धरून ठेवतं आणि धुऊन ते जात नाहीत. कांदळवनातही शिरू नका.

स्लरी देण्याआधी माती परीक्षणात क्षारता बघून घ्या. तोवर माझा उपाय: गाळलेल्या स्लरीत दुप्पट पाणी घालून त्यात मूठभर मेथी भिजवा, दुसरी मूठ साध्या पाण्यात. तीन दिवसांत स्लरीतली मेथी उगवण्यात मागे पडली तर ती स्लरी वालाला देऊ नका. बांधावरच्या नारळांना घाला, त्यांना खारं चालतं.