नर्सिंगच्या लायब्ररी-म्युझियममध्ये जाताय? आधी प्रश्न शोधा, मग पुस्तक

लंडनला कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचं ऑफिस आहे ना, तिथेच त्यांची लायब्ररी आणि म्युझियम पण आहे. प्रदर्शन कोणीही बघू शकतं, त्यासाठी नर्स असायला पाहिजे असं काही नाही, पुस्तकं घरी न्यायची तर मात्र मेंबरशिप लागते. होतं काय की स्टुडंट लोक सरळ कॉम्प्युटर गाठतात आणि बाकीचे काचेमागच्या वस्तूंचे फोटो काढून सटकतात. मी म्हणेन आधी प्रदर्शन निवांत बघा, आणि एखादा प्रश्न डोक्यात आला की मगच लायब्ररीत शिरा.

म्हणजे कसं, तर समजा जुन्या वॉर्डचा फोटो बघताना बेडसोअरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, विषय डोक्यात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 मध्येच लिहून ठेवलंय की बेडसोअर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसतो, नर्सिंगचा असतो. झणझणीत आहे! आता हे आजही खरं धरायचं का, पेशंटला किती तासांनी कूस बदलून द्यायची, असा प्रश्न घेऊन गेलात की शोधाला दिशा मिळते. नुसतं "बेडसोअरबद्दल माहिती द्या" म्हणालात तर ढिगाने रिसर्च पेपर येतील आणि कामाचा एकही नसेल.

प्रश्नाचे चार तुकडे करा: पेशंट कोण, आपण काय करणार, तुलना कशाशी, आणि बघायचं काय. मग सिनाल (CINAHL) नावाचा नर्सिंगच्या रिसर्च पेपरांचा डेटाबेस उघडा. एकाच अर्थाच्या शब्दांमध्ये ऑर (OR) टाका, वेगवेगळ्या मुद्द्यांमध्ये अँड (AND). आणि इथेच बरेच जण फसतात, कारण नावं बदलत गेलीत, जुन्या लिखाणात बेडसोअर किंवा डेक्युबिटस, नंतर प्रेशर सोअर, मग प्रेशर अल्सर, आणि 2016 पासून अमेरिकेत प्रेशर इंज्युरी, त्यामुळे एकच शब्द टाकला तर बाकीचे पेपर दिसणारच नाहीत. सगळे टाका.

अडलात तर लायब्ररियनला विचारा, लाजू नका, ते त्यांचं कामच आहे. फक्त आधी काय काय शोधलं ते दाखवा, नाहीतर अर्धा वेळ तेच परत करण्यात जातो. सर्च हिस्टरी सेव्ह करून ठेवा, असाइनमेंटमध्ये लागते.

जुनी कागदपत्रं बघायची असतील तर आधी कळवून जायचं, ती कपाटातून काढून ठेवावी लागतात. पेन बॅगेत, हातात पेन्सिल. फोटो काढायचा तर विचारून.

आणि कोणाला आपल्या घराण्यात पूर्वी नर्स असलेल्या बाईची माहिती शोधायची असेल तर एक लक्षात ठेवा, ब्रिटनमध्ये नर्सच्या नोंदणीचा कायदा 1919 चा आणि रजिस्टर सुरू झालं 1921 ला, त्याच्या आधीची बाई असेल तर ती कुठल्या हॉस्पिटलात शिकली ते शोधून तिथले कागद बघायचे. लग्नाआधीचं आडनाव माहीत करून घ्या, कारण बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.