सोयाबीन पिवळं पडतं ते आठ दिवस

शेतावर राहून चित्रं काढायची आहेत, असं म्हणत इंदुरातून दर वर्षी कुणीतरी माझ्याकडे येतं. प्रत्येकाला शांतता हवी असते. ती तेवढी विसरा. भाद्रपद-आश्विनात माळव्यात रात्री उशिरापर्यंत थ्रेशर चालतं, मजूर मिळत नाहीत, आणि चित्रकार असलात तरी पोती शिवायला तुम्हालाही बसवतात.

मी देपालपूरच्या बाजूला सासऱ्यांच्या शेतावर राहायला आले तेव्हा मोठ्या कॅनव्हासांची स्वप्नं होती. देवळालीकर मास्तरांनी उभ्या केलेल्या, चित्रकार बेंद्रे-हुसेन जिथे शिकले त्या इंदुरातल्या कलाशाळेच्या गोष्टी ऐकत वाढल्यावर दुसरं काय होणार! पहिल्याच वर्षी ओलं तैलचित्र ओट्यावर ठेवलं आणि शेजारी मळणी सुरू झाली. संध्याकाळी त्यावर भुशाचा एक अखंड थर होता. खरवडून काढताना चित्रही निघालं.

आता या दिवसांत तैलरंग बंद. ओढणीच्या गाठोड्यात पोस्टकार्डाएवढे कागद आणि जलरंगाची लहान डबी असते. सोयाबीन हिरव्याचं लिंबासारखं पिवळं होतं ते जेमतेम आठ-दहा दिवस. मग पानं गळून भुरकट शेंगांच्या काड्या उरतात. उशीर केला तर शेंगा तडकून दाणे मातीत जातात, म्हणून कापणी कुणासाठी थांबत नाही. चहाच्या सुट्टीत पंधरा मिनिटांत जे उतरेल ते उतरवायचं. सकाळी दवामुळे कागद लवकर वाळत नाही, तेव्हा आभाळ करून घ्या. अकरानंतर कुंचला टेकेपर्यंत रंग सुकतो.

काळ्या मातीचा रंग मात्र जरूर करून बघा. माती रात्रभर भिजवा, ढवळा, खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. ते निवळलं की खालचा गाळ वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटा. कागदावर ही माती काळी येतच नाही, करडी-तपकिरी येते. आणि जाड लावली तर उन्हाळ्यातल्या शेतासारखीच भेगाळते. पातळच लावा.

पितृपक्षात गावातल्या मुली भिंतीवर संजा काढतात, म्हणजे शेणाची, पाकळ्यांनी सजवलेली चित्रं. सोळा दिवस रोज नवी, शेवटी किल्ल्यासारखा मोठा किलाकोट. शेण ओलं आहे तोवर पाकळ्या चिकटवायच्या, त्यामुळे विचार करत बसायला वेळच नसतो. मी एकदा रचनेबद्दल काही सुचवलं, तर दहा वर्षांची पोर म्हणाली, "काकी, तुम्ही पाकळ्या तोडा." तोडल्या. कलाशाळेत रचनेच्या तासाला इतकं लक्ष दिलं नव्हतं.

पैशांचं सांगते. शनिवार-रविवारी इंदुरात मुलांना शिकवते, त्यावर घर चालतं. चित्रांतून कागद-रंगांचा खर्च निघाला तरी ते वर्ष चांगलं. एका गॅलरीवाल्यांना बैलगाडी हवी होती. आमच्या आळीत बैल कुणाकडेच नाहीत, ट्रॅक्टर काढून दिला तर नको म्हणाले.

गव्हाची पेरणी नोव्हेंबरात आटोपली की मोठे कॅनव्हास बाहेर येतात. पण यायचंच असेल तर गणपती गेल्यावर लगेच या. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे आणा, सोयाबीनचा भुसा फार खाजतो.